'सैराट'चा शेवट कोणी सांगायचा?

'सैराट'च्या शेवटातून नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला आहे. आर्ची आणि परश्याच्या घरी आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा ठेवते, शेजारीण बाळाला दाराशी आणून सोडते. तिथून पुढे पडद्यावर जे दिसतं त्याला संगीत नाही, संवाद नाही, रडण्याचाही आवाज नाही. 2016 साली महाराष्ट्रातली थिएटरं त्या शांततेत सुन्न होऊन बसली होती. डोळस प्रेक्षकाला ती शांतता असह्य झाली, कारण त्याला दिसत होतं. दृष्टिहीन प्रेक्षकासाठी मात्र सिनेमा त्या चहापाशीच संपतो. पुढचं त्याला शेजारच्याला विचारावं लागतं, आणि नेमका त्याच क्षणी शेजारचा बोलण्याच्या अवस्थेत नसतो.

यावरचा उपाय जगाला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. सिनेमाच्या मूळ आवाजाला हात न लावता दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत एक जादा आवाज पडद्यावरचं सांगत जातो: कोण आत आलं, कोणाच्या हातात काय आहे, कोणी कोणाला पाहून मान फिरवली. हा आवाज ज्याला हवा त्याच्याच कानात येतो. बाकीचं थिएटर नेहमीसारखा सिनेमा बघतं. आपल्याकडे या विषयाची चर्चा कायदा आणि ॲप यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. पण त्याआधी हे लिहिण्याचं काम आहे, आणि तेही फार अवघड लिहिण्याचं, याकडे मला लक्ष वेधायचं आहे.

'सैराट'चंच घ्या. त्या शांततेत बोलायचं की नाही? बोललो तर दिग्दर्शकाने जिवापाड राखलेली शांतता मोडते. गप्प राहिलो तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. माझ्या मते इथे बोलायलाच हवं, पण शब्द मोजून. आवाज मुद्दाम बंद केलेला आहे हेही आधी सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला हेडफोनच बिघडला असं वाटेल. मी लिहिलं तर ते काहीसं असं होईल: 'सगळे आवाज थांबतात. बाळ दारात. आत आर्ची आणि परश्या, रक्तात.' मग थांबायचं. 'बाळ रडतंय.' पुन्हा थांबायचं. 'ते वळून बाहेर चालू लागतं. जमिनीवर लाल पावलं उमटतात.' एवढंच. स्वर सपाट हवा, त्यात हळहळ मिसळायची नाही. रडायचं की नाही ते ऐकणारा ठरवील.

मंजुळे यांच्याच 'फँड्री'त याहून वेगळी कसोटी लागते. नायक जब्या याच्या घरची माणसं डुक्कर बांधून नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. संवाद एकही नाही. सगळा सिनेमा त्या एका चौकटीत उभा आहे. इथे 'भिंतीवर थोर व्यक्तींची चित्रं' असं लिहिणारा नापास झाला. नावं घ्यायलाच हवीत, कारण डोळस प्रेक्षक ती नावं एका नजरेत वाचतो आणि ती ओळखल्याशिवाय त्या दृश्याचा अर्थच लागत नाही. त्या चौकटीचं वजन ज्याला आतून माहीत आहे, त्यालाच हे लिहिता येतं. शेवटी जब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तो दगड 'आपल्या दिशेने' येतो, हे दोन शब्द वर्णनात राहून गेले तर सिनेमाने प्रेक्षकाला विचारलेला प्रश्न दृष्टिहीन माणसापर्यंत पोचतच नाही.

या कामाचे काही नियम जगभर रुळले आहेत. वर्णन वर्तमानकाळात करायचं. संवादावर बोलायचं नाही. दिसतं ते सांगायचं, त्याचा अर्थ लावायचा नाही. म्हणजे 'ती दुःखी आहे' असं म्हणण्याऐवजी तिने ओठ घट्ट मिटले आहेत, एवढं सांगायचं. हा शेवटचा नियम काही जण फार ताणतात. जागा दोनच सेकंदांची असेल तर 'ती चिडून वळते' हेच बरोबर, भुवया आणि नाकपुड्यांची जंत्री देत बसायचं कारण नाही. सिनेमाने ज्याचं नाव अजून उघड केलेलं नाही ते वर्णनानेही फोडायचं नाही. रहस्यपटात तर प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागतो.

आपल्या सिनेमाची खास अडचण म्हणजे गाणी. गाण्यात शब्द महत्त्वाचे, चालही महत्त्वाची, आणि नेमकं त्याच पाच मिनिटांत नायक-नायिकेचं जमतं, ऋतू बदलतो, लग्न होतं, कधीकधी मूलही मोठं होतं. हॉलिवूडच्या चित्रपटांवर बेतलेले नियम इथे पुरत नाहीत. कडव्यांमधल्या वाद्यसंगीतात बोलावं, आणि ध्रुवपद दुसऱ्यांदा येईल तेव्हा त्याच्यावर बोललं तरी चालतं, असं मला वाटतं. पण याचा निकाल दृष्टिहीन श्रोत्यांनीच द्यायला हवा. लिहिलेलं वर्णन दृष्टिहीन परीक्षकाने ऐकून 'हे कळलं, हे नको होतं, इथे मी गोंधळलो' असं सांगितल्याशिवाय ते पक्कं करू नये, आणि या कामाचा त्याला रीतसर मोबदला मिळायला हवा. अलीकडे संगणकी आवाजात वर्णन वाचून घेण्याकडे कल वाढतो आहे. माहितीपटाला ते कदाचित चालून जाईल. 'सैराट'च्या त्या शांततेत मला माणसाचाच आवाज हवा.

मराठीला हे काम परकं नाही. बाळ ज. पंडित रेडिओवरून क्रिकेटचं मराठी समालोचन करत तेव्हा न दिसणारं मैदान घराघरांत उभं राहत असे. आकाशवाणीच्या श्रुतिकांनी पिढ्यान् पिढ्या केवळ कानांवर नाटकं जगवली. नेमकं, थोडक्यात आणि वेळेत सांगण्याची शिस्त या भाषेच्या अंगवळणी आहे. ती शिस्त सिनेमाच्या कामाला लावणारे लेखक मात्र अजून घडवायचे आहेत.

ऑडिओ डिस्क्रिप्शनचा पाया सत्तरच्या दशकात अमेरिकेत घातला गेला. ग्रेगरी फ्रेझर यांनी 1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला. स्वतः दृष्टिहीन असलेल्या मार्गारेट फान्स्टील यांनी भावी पतीसह 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात प्रयोग सुरू असताना वर्णन ऐकवण्याची पद्धत बसवली. 1990 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीने ही सेवा टीव्हीवर नियमितपणे सुरू केली. पुढची मोठी उडी प्रेक्षकांनी मारायला लावली. एप्रिल 2015 मध्ये नेटफ्लिक्सवर 'डेअरडेव्हिल' ही मालिका आली. तिचा नायक दृष्टिहीन, आणि मालिकेला ऑडिओ डिस्क्रिप्शन नाही. दृष्टिहीन प्रेक्षकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच नेटफ्लिक्सने ही सोय जाहीर केली, सुरुवात याच मालिकेपासून. 2019 मध्ये ॲपल टीव्ही प्लस सुरू झालं ते आपल्या मालिका-चित्रपटांना पहिल्या दिवसापासून वर्णन देऊनच.

भारतात 2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांच्या वर नोंदली गेली. त्यांच्या बाजूने कायदा आहे आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं 42 वं कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांसंदर्भात ऑडिओ डिस्क्रिप्शनचा थेट उल्लेख करतं. त्याआधी 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था कोणतीही कलाकृती त्यांना घेता येईल अशा स्वरूपात आणू शकते. मुख्य अट अशी: त्यातून नफा कमवायचा नाही, फार तर खर्च भरून घ्यायचा. म्हणजे उद्या कोल्हापूरच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या संस्थेने जुन्या मराठी चित्रपटाचं वर्णन लिहून आपल्या दृष्टिहीन सभासदांना ऐकवायचं ठरवलं, तर कायदा तिच्या पाठीशी आहे. ही गोष्ट जितक्या लोकांना माहीत असायला हवी तितक्यांना ती नाही.

कायदा असूनही थिएटरांत फारसं काही हललं नाही, म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं. शाहरुख खानचा 'पठाण' प्रदर्शित होण्याच्या तोंडावर दृष्टिहीन आणि कर्णबधिर अर्जदार दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 2023 मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निर्मात्यांना ओटीटीवरच्या प्रदर्शनासाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन आणि हिंदी सबटायटल्स तयार करण्याचे आदेश दिले. थिएटरमधलं प्रदर्शन अगदी जवळ आल्यामुळे त्यापुरती सूट मिळाली. पुढे 15 मार्च 2024 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि बाकीच्यांना दोन वर्षांची, म्हणजे मार्च 2026 पर्यंतची. राष्ट्रीय पुरस्कार आणि इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यांच्यासाठी पाठवल्या जाणाऱ्या चित्रपटांना 1 जानेवारी 2025 पासूनच ही सोय आवश्यक झाली.

या मुदतींचा मराठीशी थेट संबंध आहे. बहुतेक मराठी चित्रपट एकाच भाषेत प्रमाणपत्र घेतात, त्यामुळे ते आपोआप दुसऱ्या गटात गेले. मोठ्या बजेटच्या, चार-पाच भाषांत डब होणाऱ्या दाक्षिणात्य आणि हिंदी चित्रपटांचा बोलण्याचा क्रम आधी लागला आणि सातारा-लातूरच्या प्रेक्षकाच्या स्वतःच्या भाषेतल्या सिनेमाचा नंतर. टीव्हीचं चित्र याहून निराशाजनक आहे. 2019 मध्ये टीव्ही कार्यक्रमांसाठी सुगम्यतेची जी मानकं निघाली ती श्रवणदोष असलेल्यांसाठी होती. ती हवीच होती. पण रोज संध्याकाळी मराठी मालिका ऐकणाऱ्या दृष्टिहीन आजींना पार्श्वसंगीत चढलं की कोणी तरी कोणाकडे रोखून पाहतंय, यापलीकडे काही कळत नाही.

थिएटरमध्ये हे पोचवायला अवघड तंत्र लागत नाही. डिजिटल सिनेमाच्या ध्वनीमध्ये अशा वर्णनासाठी स्वतंत्र वाहिनी राखलेली असते. थिएटरच्या ध्वनियंत्रणेकडून ती छोट्या रिसीव्हरवर आणि तिथून प्रेक्षकाच्या हेडफोनमध्ये जाते. दुसरा मार्ग मोबाइलचा. वर्णन आधीच डाउनलोड करून ठेवायचं. चित्रपट सुरू झाला की ॲप मायक्रोफोनमधून ध्वनी ओळखून नेमक्या जागेपासून वर्णन ऐकवू लागतं. 'एक्सएल सिनेमा' या भारतीय ॲपवर 'संजू'चं वर्णन 2018 मध्येच मिळत होतं.

अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. तिकिटाच्या ॲपमधला खुर्च्यांचा नकाशा स्क्रीन रीडरला अनेकदा वाचता येत नाही. थिएटरच्या माणसाला हेडफोन कुठे ठेवलेत हे माहीत नसतं, किंवा ते चार्ज केलेले नसतात. कोणत्या शोला वर्णन आहे हे जाहिरातीत छापलेलं नसतं. ओटीटीवर वर्णन असतं, पण ते भाषांच्या यादीत इतकं आत दडलेलं असतं की डोळस मुलगा किंवा सून घरी येईपर्यंत ते लागत नाही.

सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट याहून वेगळी आहे. कष्टाने तयार झालेलं वर्णन बऱ्याचदा चित्रपटाबरोबर पुढे जात नाही. थिएटरसाठी केलेला ट्रॅक ओटीटीला दिला जात नाही. एका ओटीटीवर असलेला ट्रॅक चित्रपट दुसरीकडे विकला गेला की मागे राहतो. टीव्हीवर चित्रपट लागतो तेव्हा तर तो नसतोच. अमेरिकेतही दृष्टिहीनांची हीच तक्रार आहे. वर्णन हा चित्रपटाचाच भाग मानून हक्कांच्या प्रत्येक करारात ते सोबत द्यायचं, एवढं एक कलम निर्मात्यांनी स्वीकारलं तर नवा रुपयाही न घालता उपलब्धता वाढेल.

गोव्याने या बाबतीत एक चांगली वाट दाखवली आहे. दिल्लीच्या 'सक्षम' या संस्थेने अनेक हिंदी चित्रपटांची वर्णनं तयार केली आहेत, आणि अशा चित्रपटांना पणजीच्या इफ्फीमध्ये वेगळं स्थान मिळत गेलं. 2019 मध्ये तिथे 'मुन्नाभाई एमबीबीएस' आणि महेंद्रसिंग धोनीवरच्या चित्रपटासोबत 'क्वेश्चाव द कन्फुजांव' हा कोंकणी चित्रपट वर्णनासह दाखवला गेला. कोंकणीचं चित्रपटविश्व मराठीच्या तुलनेत किती लहान! तिथे जे जमलं ते मराठीत न जमण्याचं कारण पैसा आहे, असं म्हणता येणार नाही.

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं. त्या अनुदानाच्या अटींत ऑडिओ डिस्क्रिप्शन घालावं आणि त्याचा खर्च अनुदानात वेगळा दाखवावा, अशी मागणी दृष्टिहीनांच्या संघटनांबरोबर चित्रपट महामंडळानेही लावून धरायला हवी. नव्या चित्रपटांचा प्रश्न त्यातून बराचसा सुटेल. जुन्यांचं काम संस्थांनी, महाविद्यालयांनी आणि लेखकांनी मिळून हाती घ्यावं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, अंधशाळा आहेत, नाटक आणि रेडिओत मुरलेले आवाज आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र 2003 पासून काम करतं आहे. लेखक, दृष्टिहीन परीक्षक आणि आवाज देणारा असे तिघे एकत्र बसले तर एक चित्रपट पुरा होतो.

सुरुवात 'श्वास'पासून करावी. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला 2004 च्या सुमारास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो भारतातर्फे ऑस्करलाही गेला. शस्त्रक्रियेत नातवाची दृष्टी जाणार आहे, म्हणून त्याआधी आजोबा त्याला शहर दाखवायला घेऊन निघतात. तो मुलगा त्या दिवशी काय काय पाहतो, ते दृष्टिहीन प्रेक्षकाला कोणीतरी मराठीत सांगायला हवं.