सामना थांबवायचा कधी? मैदानावरचे ऊन आणि वीज

एप्रिल लागला की सिरसाळा आणि परळी तालुक्यातल्या गावोगावी जयंतीनिमित्त टेनिस बॉल क्रिकेटचे, कबड्डीचे सामने लागतात. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुलं-मुली त्याच मैदानांवर धावतात. या स्पर्धा हव्यातच. पण आपल्याकडे एप्रिल ते जून या काळात दोन संकटे डोक्यावर असतात. दिवसा चाळीसच्या पुढे जाणारा पारा, आणि दुपारनंतर अचानक भरून येणारे ढग. सामना कधी थांबवायचा हे नाणेफेकीआधीच ठरले पाहिजे, आणि ते ठरवणारा माणूस खेळणारा नसावा, एवढेच आम्हाला या पानातून सांगायचे आहे. शेवटच्या दोन षटकांत जिंकायला बारा धावा हव्या असताना कोणताही कप्तान आभाळाकडे पाहत नाही.

आधी उन्हाचे पाहू. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम उघड्या मैदानात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथला पारा आपल्या परळीपेक्षा कमीच, अडतीसच्या आसपास होता. ती माणसे पळत नव्हती, बसून होती. अनेक जण कित्येक तास उपाशी होते, अशा बातम्या शवविच्छेदनानंतर आल्या. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. आपल्याकडे उलटे होते. हवा कोरडी, घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातले किती पाणी गेले ते मुलाला कळतच नाही. त्यात धावणाऱ्या शरीराची स्वतःची उष्णता वेगळी.

म्हणून सामने सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधले तास रिकामे ठेवा. संघ जास्त असतील तर स्पर्धा एक दिवस वाढवा. उद्घाटनाला पाहुणे उशिरा येतात, मग मंडपातल्या सावलीत भाषणे चालतात आणि पोरे उन्हात रांगेत उभी असतात. हे तरी बंद व्हावे. खेळाडूंना आधी सावलीत बसवा, भाषण नंतर करा.

पाण्याचा माठ सीमारेषेजवळ, सावलीत हवा. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी प्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. मैदानाजवळ संडास नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुलींची कबड्डी ठेवायची तर जवळच्या शाळेचे किंवा घराचे स्वच्छतागृह आधी ठरवून ठेवा. नाहीतर माठ भरून ठेवल्याचा उपयोग नाही.

सरावाला नव्याने लागलेल्या मुलाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर थोडे थोडे वाढवत न्यावे. आठवड्याभरात ताप किंवा जुलाब झालेल्या मुलाला खेळवू नये, त्याने कितीही हट्ट केला तरी. आणि खिशातल्या कांद्याने ऊन लागायचे थांबत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा.

डोके दुखणे, पायात गोळे, मळमळ, चक्कर ही पहिली खूण. त्या मुलाला सावलीत आणा, पाणी द्या, त्या दिवशी परत मैदानात पाठवू नका. पण मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडून मारायला धावला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत चुकीची आहे. खेळताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असते. एकाने १०८ ला फोन लावावा, ती गाडी मोफत आहे. बाकीच्यांनी तिची वाट पाहत बसू नये. जाड कपडे काढा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला. काख, मान आणि जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवा. जवळ हौद असेल तर डोके वर धरून त्यात बसवा. मिनिटे मोलाची असतात, म्हणून आधी थंड करायचे आणि मग अंबाजोगाईला किंवा परळीला न्यायचे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे चालत नाही.

आता वीज. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरू देशातल्या हुआंकायो भागात फुटबॉलचा सामना वादळामुळे पंचाने थांबवला. खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले होते, तेवढ्यात वीज पडली. एक खेळाडू गेला, काही जखमी झाले. थांबवले होते, पण उशिरा. वीज पाऊस पडत असलेल्या जागेपासून दहा किलोमीटर लांबही पडू शकते. त्यामुळे थेंब पडायची वाट पाहायची नाही. गडगडाट कानावर आला की खेळ बंद. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पूर्ण तीस मिनिटे कोणी बाहेर यायचे नाही. मधे पुन्हा वाजले की मोजणी पहिल्यापासून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर मोफत मिळते. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातली वीज ते दाखवते. स्पर्धा समितीतल्या एकाने दुपारनंतर तेच पाहत राहावे.

जायचे कुठे? लिंबाखाली किंवा बाभळीखाली नाही. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. उघडा मंडप, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांचा आधार नाही. विहाराची किंवा शाळेची पक्की इमारत, नाहीतर काचा बंद केलेली जीप. आत गेल्यावर नळ, वायर आणि भिंतीला लावलेला चार्जर यांपासून दूर राहा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही. काही ठिकाणी अशा माणसाला शेणात पुरतात. त्यात जीव वाचवण्याची वेळ निघून जाते. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटीमीटर खोल दाबत राहा, दमलात तर दुसऱ्याने हात घाला. अनेक जण एकदम पडले असतील, तर निपचित पडलेल्याकडे आधी जा.

विजेने मृत्यू झाल्यास राज्य शासन वारसांना चार लाख रुपये मदत देते. त्यासाठी शवविच्छेदन आणि पंचनामा लागतो. म्हणून दुःखात असतानाही, अंत्यविधीआधी, कोणीतरी तलाठ्याला आणि पोलीस ठाण्याला कळवावे.