मटारशेजारचं बेअरिंग

आमच्या फ्रीजरमध्ये सोललेल्या मटारच्या पिशव्यांशेजारी रात्रभर पोलादाची एक जाडजूड बांगडी पडून होती. सकाळी आईने दार उघडलं. "अरे, हे काय ठेवलंयस इथे?"

"गाडीच्या चाकाचं बेअरिंग आहे, आई. आकसायला ठेवलंय."

तिने ते दोन्ही हातांत धरून पाहिलं, पिशवीसकट. नाना पेठेतून आणलेलं, हाताच्या पंज्यात मावेल एवढं. बाहेरचा व्यास सत्तर मिलिमीटरच्या आसपास. गाडीच्या ज्या ओतीव भागात, म्हणजे नकलमध्ये, ते बसतं, तिथलं भोक बेअरिंगपेक्षा मुद्दामच किंचित लहान असतं. तसं नसेल तर बाहेरचं कडं चाकाबरोबर हळूहळू सरकू लागेल आणि घर झिजवेल. मग लहान भोकात मोठी वस्तू घालायची कशी? उत्तर मटारशेजारी होतं. मीटरभर पोलाद एक अंशाने थंड झालं की सुमारे बारा मायक्रॉन आखडतं. तीस अंशांवरून उणे अठरापर्यंत नेलेलं सत्तर मिलिमीटरचं कडं चाळीसेक मायक्रॉन बारीक होतं. एका केसाच्या जाडीच्या अर्ध्याहून थोडं जास्त! नकल गरम हवेने तापवली की तिचं भोकही जवळपास तेवढंच रुंदावतं. घरचा फ्रीज हे एक अचूक हत्यार आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हे सगळं सुरू झालं ते एका आवाजापासून. ताशी चाळीसच्या पुढे गेलं की खालून विमानासारखी घुरघुर यायची आणि वेगाबरोबर चढत जायची. डाव्या वळणावर वाढायची, उजव्या वळणावर विरायची. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर झुकतं, म्हणजे दुखणं उजवीकडे. चाक जॅकवर उचलून एका हाताने फिरवलं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. बोटांना खरखर जाणवली. कान जे सांगत होता, त्याला बोटांनी दुजोरा दिला.

चाक ज्यावर बसतं त्या हबचा मोठा नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. तो किती घट्ट असतो? आकडा गाडीगणिक बदलतो, पण दोनशे न्यूटन-मीटर धरला तर मीटरभर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोचं वजन टांगल्याइतका. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नये. स्टँड लावलाच पाहिजे. ब्रेकचं कॅलिपर सोडवलं की तारेने बांधून ठेवायचं, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचं नाही. पुढे नट-बोल्ट, पुलर आणि घाम. हब ओढून काढला तेव्हा आतलं अर्धं कडं त्याला चिकटूनच बाहेर आलं. असं बहुतेक वेळा होतं. ग्राइंडरने चीर पाडून, छिन्नीच्या एका घावात ते फोडलं, आणि जुन्या बेअरिंगचे छर्रे ग्रीससकट तळहातावर उतरले.

इथे मी काम थांबवून बसलो.

चांगल्या प्रतीच्या दहा मिलिमीटरच्या छऱ्याच्या गोलाईत फरक असतो तो पाव मायक्रॉनचा. हा छर्रा फुगवून पृथ्वीएवढा केला, तर त्यावरचा सगळा उंचसखलपणा सव्वातीनशे मीटरच्या आत राहील. कळसूबाई 1646 मीटर आहे. ती या गोळ्यावर असती तर तपासणीतच तो बाद झाला असता!

अशी गोलाई माणसाला फार उशिरा साधली. बैलगाडीत चाकाचा तुंबा आसावर घासतच फिरायचा, म्हणून तर वंगणाशिवाय गाडी हलायची नाही. 1794 मध्ये वेल्समधल्या फिलिप वॉन याने गाडीच्या आसाभोवती गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं. कल्पना बरोबर होती, पण एकसारखे गोल छर्रे घाऊक बनवणार कसे? ते जमवलं जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशर याने, 1883 मध्ये, छर्रे घासणारं यंत्र तयार करून. पुढे ते गाव बेअरिंगचं इतकं मोठं केंद्र झालं की 1943 मध्ये अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी त्याला लक्ष्य केलं. छऱ्यांवाचून युद्धाचं एकही यंत्र फिरत नाही.

माझ्या हातातल्या छऱ्यांनी काय सोसलं असेल? 165/80 आर 14 टायरचा परीघ 1.95 मीटरच्या आसपास. लाख किलोमीटरमध्ये चाक पाच कोटींहून अधिक फेरे घेतं, आणि पुढच्या एकेका चाकावर अडीचशे-पावणेतीनशे किलोचा भार असतो. खड्ड्यातला दणका वेगळाच. हा भार छर्रा जिथे टेकतो त्या इवल्याशा जागेत एकवटतो. तिथला दाब वातावरणाच्या दहा हजार पटींच्याही वर जातो. मरियाना गर्तेच्या तळाशी तो हजार-अकराशे पट असतो. एवढ्या दाबाखाली ग्रीसमधलं तेल क्षणभर जवळजवळ घट्ट होतं, छर्रा पुढे सरकला की पुन्हा पातळ. मायक्रॉनहूनही पातळ असा तो थर पोलादाला पोलादापासून दूर ठेवतो.

मग बेअरिंग मरतं कशाने? कधी पाणी आणि धूळ आत शिरतात. कधी पोलादच थकतं. सर्वांत मोठा ताण पृष्ठभागावर नसतो, त्याच्या किंचित खाली असतो. तिथे न दिसणारी भेग जन्मते, वर येते आणि खपली निघते. माझ्या कड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडला होता. घुरघुर तिथूनच येत होती.

नवं बेअरिंग बसवताना एक नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर, हब दाबताना आधार आतल्या कड्याला. चुकलात तर सगळा जोर छऱ्यांतून जातो, प्रत्येक छऱ्याखाली बारीक पोचा पडतो आणि नवी वस्तू पहिल्याच दिवशी गुणगुणू लागते. हातोडा तर नकोच. उभ्या गाडीलाही अशी इजा होऊ शकते. 1930 च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने दूरवर पाठवलेल्या कोऱ्या गाड्यांची चाकं आवाज करत उतरली. न फिरता, डब्याच्या थरथरीने, छर्रे एकाच जागी घासले होते आणि ग्रीस बाजूला सरली होती.

काही बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. एबीएसचा सेन्सर तिच्याकडे पाहून चाकाचा वेग मोजतो. टाचणी अलगद चिकटते ती तीच बाजू, आणि ती सेन्सरकडेच हवी.

आईने पिशवी आणून दिली. दव धरायच्या आत बेअरिंग तापल्या नकलवर टेकवलं, पुलरचा स्क्रू फिरवला. ते विशेष कुरकुर न करता आत गेलं. खोबणीत सर्क्लिप टच्च करून बसली. नवा नट हाताने लावला, चाक चढवून गाडी खाली उतरवली आणि जागेवरून हलवण्याआधी नट टॉर्क पान्याने पुरता आवळला, कारण आतल्या कड्याचे दोन्ही अर्धे तोच एकत्र धरतो.

संध्याकाळी आईला घेऊन त्याच रस्त्याने निघालो. साठचा वेग, चाकाचे सेकंदाला आठाहून जास्त फेरे. खालून काहीच ऐकू येईना. मागच्या सीटवर तिच्या बांगड्या मात्र ऐकू आल्या.