मुंबईची खरेदी आणि मेट्रोचे कार्ड

ईद आणि लग्नसराईच्या आधी आम्ही संग्रामपूरचे कापडवाले शेगावहून रात्रीची गाडी धरून मुंबईला जातो. खरेदी मंगलदास आणि मुळजी जेठा मार्केटात. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो काळबादेवीला थांबते. दादरहून टॅक्सीशी हुज्जत घालण्याची गरज उरली नाही. म्हणून आम्ही २०१९ साली निघालेले, पुण्याच्या मेट्रोतही चालणारे ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ घेतले.

पहिल्याच फेरीत फजिती झाली. मुलाने घरूनच मोबाईलवर ५०० रुपये भरले होते, तरी फाटक उघडेना. मागे रांग, आणि तिकडे व्यापारी माल दाखवायला थांबलेला! मग कळले, मोबाईलवर भरलेली रक्कम स्थानकावरील यंत्रावर कार्ड टेकवून त्यात उतरवून घ्यावी लागते. मनीऑर्डर निघाली म्हणजे हाती पडली असे नव्हे, तसेच हे.

कार्डात २००० रुपयांपर्यंत रक्कम राहते. पण कार्ड हरवले तर ती बुडते. आम्ही दोनशेच्या वर ठेवत नाही. एका कार्डावर एकच माणूस आत जातो, तेव्हा भागीदार बरोबर असला की त्याचे तिकीट खिडकीवर काढतो. लोकलचे तिकीटही वेगळेच.