पाळीचा पाहुणा

ताकिले बेटावर दोन पुरुष वाटेत भेटले की हात मिळवत नाहीत. दोघांच्याही कमरेला विणलेली चंची असते. एकजण आपल्या चंचीतली चिमूटभर कोकाची पानं दुसऱ्याच्या चंचीत घालतो, दुसरा आपली पानं पहिल्याच्या. देणंघेणं जागच्या जागी फिटतं, मग बोलणं सुरू होतं. पानाचा डबा पुढे सरकवल्याशिवाय विषयाला हात न घालणाऱ्या आपल्या आजोबांना हा रिवाज कुणी समजावून सांगावा लागला नसता. तिथे या चंचीला ‘चुस्पा’ म्हणतात.

ताकिले पेरू देशात आहे, टिटिकाका सरोवरात. सरोवराचं पाणीच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर. पुनो शहराच्या धक्क्यावरून संथ लाँचने तीनेक तास लागतात. बेट साडेपाच किलोमीटर लांब आणि दीडेक किलोमीटर रुंद. वस्ती सुमारे दोन हजार, भाषा केचुआ. मोटारगाडी नाही. धक्क्यावरून गावात जायला पाचशेहून अधिक दगडी पायऱ्या चढाव्या लागतात, आणि विरळ हवेत दर वीस पायऱ्यांनी बसावंसं वाटतं.

१९७०च्या दशकात परदेशी प्रवासी इथे येऊ लागले, तेव्हा बेटावर एकही हॉटेल नव्हतं. गावाने ते बांधलंही नाही. त्याऐवजी स्वागत समिती नेमली. पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्याची वहीत नोंद व्हायची: वय, देश, मुक्काम किती दिवस. मग त्याला एखाद्या कुटुंबाकडे धाडलं जायचं. कुणाचं घर नीटनेटकं, कोण गोडबोल्या, कोण स्वस्तात राहू देतो, हे पाहिलं जात नसे. पाळी कुणाची आहे, एवढंच पाहायचं. पाहुणा कच्च्या विटांच्या खोलीत उतरायचा, बटाटा आणि किनोआचं सूप प्यायचा, वर पुदिन्याच्या वासाच्या ‘मुन्या’ या रानवनस्पतीचा गरम काढा. घर निवडण्याचा हक्क त्याला नव्हता, पण त्यामुळेच तो गिऱ्हाईक न राहता पाहुणा होत असे.

ही पद्धत काही पर्यटनतज्ज्ञांनी शिकवलेली नव्हती. बेटाची शेतजमीन सहा ‘सुयू’ म्हणजे भागांत वाटलेली आहे. कुठल्या भागात यंदा बटाटा आणि कुठला भाग पडीक, हे गाव मिळून ठरवतं. शेजाऱ्याच्या शेतात आज मी राबायचं, उद्या त्याने माझ्या. आपल्या इरजिकीसारख्या या रीतीला तिथे ‘ऐनी’ म्हणतात. ज्यांच्याकडे जमीनच पाळीने पिकते, त्यांना पाहुणा पाळीने वाटून घेणं जड गेलं नाही. आणि ही जमीनही त्यांना वारशाने आयती मिळालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकार राजकीय कैदी इथे ठेवत असे, शेतं बाहेरच्या जमीनदारांची होती. १९३०च्या दशकापासून बेटकऱ्यांनी तुकड्यातुकड्याने ती विकत घेतली.

होड्यांचंही तसंच. आधी खासगी लाँचवाले प्रवासी आणत आणि भाडं पुनोत राही. मग गावातल्या कुटुंबांनी गट करून आपल्या लाकडी शिडाच्या होड्यांना ट्रकची जुनी इंजिनं बसवली. १९८२पर्यंत असे तेरा गट झाले होते. विणलेले कपडे विकायला सामाईक दुकान होतं. किंमत गाव ठरवी, घासाघीस नाही.

१९९०च्या दशकात पेरूचे अध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारच्या खुल्या बाजाराच्या धोरणात बेटावरच्या जलवाहतुकीवरचा गावाचा हक्क मक्तेदारी ठरला आणि गेला. पुनोच्या एजंटांच्या वेगवान लाँच आल्या. आता बरेच प्रवासी सकाळी येतात, चौकात फोटो काढतात, जेवतात आणि दुपारी परततात. त्यांना वाटेत चंच्या दिसतात. चंचीत पानं टाकायला मात्र कुणाकडे वेळ नसतो. बेटकऱ्यांनी स्वतःची प्रवाससंस्था काढली, पण हातची पाळी पुरती परत आली नाही.

‘अस्सल’ पाहायला म्हणून जो जातो, त्याची इथे थोडी फजिती होते. त्याच्या ताटात येतो ट्राउट मासा. तो या सरोवराचा नव्हेच, १९४०च्या सुमारास उत्तर अमेरिकेतून आणून सोडलेला. पुरुषांचा काळा पायजमा आणि पांढरा सदरा स्पॅनिश शेतकऱ्यांच्या वळणाचा. कान झाकणारी ‘चुल्यो’ टोपी विणायच्या सुयाही स्पॅनिशांबरोबरच आल्या. बायका सूत काततात, मागावर पट्टे विणतात. टोपी मात्र पुरुषांनीच विणायची. मुलगा लहानपणीच ती शिकतो आणि पुढे चालताचालता, गप्पा मारतामारता टाके घालतो. डोळे वाटेवर, बोटं सुयांवर. टोपी सबंध रंगीत असेल तर गडी लग्न झालेला, वरचा भाग पांढरा असेल तर अजून बिनलग्नाचा. बायका विणतात त्या रुंद ‘दिनदर्शिका पट्ट्या’वर वर्षभराची शेतीची कामं आणि सणवार चित्रांत विणलेले असतात. ताकिलेच्या या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली मानवतेच्या अमूर्त वारशाचा मान दिला.

मासा परका, सुया परक्या, इंजिन ट्रकचं. तरी बेट अस्सल ताकिलेचंच. कारण बाहेरून आलेलं काय घ्यायचं आणि कसं वापरायचं, हे बेटाने ठरवलं. अस्सलपणा वस्तूच्या वयात शोधू गेलं की हाती संग्रहालय लागतं. घर शोधायचं असेल, तर दार कुणाच्या हातात आहे ते पाहावं.

म्हणून तिथे जाणाऱ्याने एक करावं. गावकऱ्यांच्या संथ होडीने जावं आणि एक रात्र राहावं. दुपारची शेवटची लाँच सुटली की वाटा मोकळ्या होतात. तेव्हा कुणी चंचीत हात घालून पानं पुढे केली, तर ती दोन्ही हातांनी घ्यावीत. आपल्याकडे परत द्यायला पानं नसतील, याची तिथे थोडी लाज वाटेल. वाटू द्यावी, पाहुणा असण्याची सुरुवात तिथूनच होते.