लवंगेच्या तेलाआधी

आजारी मासा बघायला कुणी बोलावलं की मी आधी माशाकडे बघत नाही, पाणी तपासते. नुसतं बघून पाण्याचं काही कळत नाही. अमोनिया साठलेलं पाणीसुद्धा नितळ दिसतं. म्हणून पर्समध्ये टेस्ट किट असतं: अमोनिया, नायट्राइट, पीएच, आणि एक थर्मामीटर. तळाशी निपचित पडलेला, कल्ले भराभर उघडमिट करणारा, नाहीतर वर येऊन तोंड वासणारा मासा पुष्कळदा मरणाच्या वाटेवर नसतोच. बिघडलेली असते ती टाकी. कुणीतरी स्वच्छतेच्या भरात फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतलेला असतो. नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांचा अमोनिया पचवायला कुणी उरत नाही. अशा वेळी क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडं थोडं पाणी बदलत राहायचं आणि खाणं बंद ठेवायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

‘ताई, आता याला सोडवा’ म्हणून दाखवलेले कितीतरी मासे सोडवण्याजोगे नसतात, म्हणून हे आधी सांगितलं. उलटा तरंगणारा गोल्डफिश हा त्यातला नेहमीचा. ओरांडा, रयुकिन या गोलमटोल जाती माणसाने निवडून निवडून तयार केल्या. शरीर आखूड होत गेलं, आतले अवयव दाटीत बसले, आणि तरंगण्याचा तोल सांभाळणारी पोटातली हवेची पिशवी जराशा बद्धकोष्ठानेही बिघडू लागली. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार, एवढ्यावर काही मासे सरळ होतात. काही होत नाहीत, आणि उलटेच जगतात. अशा एका माशाला चिमटीने दाणे भरवणारं घर मला माहीत आहे. मासा चवीने खातो, माणूस दिसला की उलट्याचा उलटा काचेशी येतो. त्याचं दिसणं आपल्याला सहन होत नाही, हे त्याला मारायचं कारण होऊ शकत नाही.

ठाण्यातल्या एका घरचा ओरांडा मात्र निराळा होता. नाव लाडू. घरातल्या नातीने ठेवलेलं. पाण्यात दोष सापडला नाही. टाकीवर वाकून वरून पाहिलं तेव्हा दोन्ही बाजूंचे खवले अंगापासून सुटून उभे राहिलेले दिसले, अननसाच्या सालीसारखे. पोट फुगलेलं, डोळे पुढे आलेले. याला दुकानदार ‘ड्रॉप्सी’ म्हणतात. तो स्वतः रोग नाही, आतल्या पडझडीचं बाहेर दिसणारं लक्षण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी सतत आत झिरपत राहतं. ते अखंड बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. ती थकली की पाणी अंगातच साठतं. मुळाशी बरेचदा एरोमोनास जातीचे जिवाणू असतात. एप्सम सॉल्ट आणि खाण्यातून अँटिबायोटिक हे उपाय आहेत, पण खवले उभे राहण्याआधी सुरू झाले तर. एकदा ते उभे राहिले की मासा सावरल्याची उदाहरणं थोडी.

तरी त्या दिवशी मी काही केलं नाही. लाडू अजून दाणा टाकला की वळत होता. मी त्या घरच्या काकूंना म्हटलं, ‘रोज तीन गोष्टी बघा. खाल्लं का, सरळ राहिला का, तुम्ही जवळ गेल्यावर वळला का. आणि लिहून ठेवा.’ काकूंनी कालनिर्णयवर, दुधाचे खाडे मांडतात त्याच चौकोनांत, बरोबर आणि फुल्या मांडल्या. लिहून ठेवायचं, कारण आठवणीत दिवसांची सरमिसळ होते. जीव लावलेल्या माणसाला कालची एक बरी संध्याकाळ पूर्ण आठवड्याएवढी वाटते. कागदावर फुल्या दिसतात. पुढल्या वेळी गेले तेव्हा तिन्ही रांगांत फुल्याच होत्या.

घरात दुमत होतंच. आजींचं म्हणणं वेगळं. टाकीतला मासा मेला की घरावर येणारं संकट त्याने अंगावर घेतलं, असं अनेक घरांत मानतात. फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना महागात विकले जातात त्यात या समजुतीचाही हात आहे. आजींनी सरळ विचारलं, ‘आपण घालवला, तर त्याने संकट नेलं असं धरायचं की नाही?’ मला उत्तर सुचलं नाही. काकांना वाटत होतं, कमोडमध्ये सोडून पाणी ओढलं की झालं. नातीचा प्रश्न, ‘त्याला दुखतंय का?’

त्या प्रश्नावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. एडिंबरोच्या रॉसलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली ट्राउट माशांच्या चेहऱ्यावर इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं दाखवून दिली. ओठांत ॲसिटिक ॲसिड टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते. विरोधकांचं म्हणणं, वेदना जाणवायला जो मेंदूचा थर लागतो तो माशांना नाहीच. मी नातीला ‘बहुतेक हो’ म्हटलं. शंका असेल तिथे कौल माशाच्या बाजूने द्यावा, असं माझं मत. (त्याच घरात बुधवारी बांगडा तळतात. मीही खाते. याचा मेळ मला घालता आलेला नाही.)

कमोडला माझा ठाम नकार असतो. मासा त्यात लगेच मरत नाही, मरणं फक्त आपल्या नजरेआड जातं. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेतही ही पद्धत अमान्य आहे. तसंच पाण्याबाहेर काढून ठेवणं आणि फ्रीजरमध्ये ठेवणंही. गोल्डफिश तर थंडी सोसणारा मासा, त्याला हळूहळू गारठवणं म्हणजे हाल लांबवणं. तलावपाळीला नेऊन सोडणं हा आणखी एक मार्ग लोकांना पुण्याचा वाटतो. त्यातून रोग तलावात जातो. आणि टाकीतून बाहेर पडलेल्या सकर माशांनी देशातल्या कितीतरी पाण्यांत ठाण मांडलंय, तेही असंच कुणीतरी दया येऊन सोडलेले.

मासे बघणारा पशुवैद्य जवळ असेल तर काम त्याचं. नसेल तर लवंगेचं तेल. त्यातलं युजेनॉल, जे दाढेला बधिर करतं, तेच माशाला भूल देतं आणि जास्त झालं की भुलीतून परत येऊ देत नाही. तेल शुद्ध हवं, मालिशचं मिश्रण चालत नाही. प्रमाण लिटरला साधारण 0.4 मिली; मी थोडं जास्तच घेते.

लाडूसाठी बादलीत टाकीतलंच दोन लिटर पाणी घेतलं, म्हणजे तापमानाचा धक्का बसत नाही. तेल पाण्यात नुसतं ओतलं तर मिसळत नाही. छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर घालून, झाकण लावून ते पांढरं दुधट होईपर्यंत हलवलं. स्वयंपाकघरात मसाला भाजल्यासारखा वास पसरला. आधी त्यातलं थोडंच सोडलं, लाडू बिचकू नये म्हणून. एकदम सगळं ओतलं तर मासा धडपडतो, आणि ती धडपड टाळण्यासाठीच तर हा खटाटोप. काही मिनिटांत त्याची हालचाल मंदावली, मग तो कुशीवर कलला. शेपटी चिमटीत धरली तरी प्रतिसाद नाही. तेव्हा उरलेलं घातलं.

मी कल्ले बघत होते. उघडझाप संथ झाली, मधली अंतरं वाढली, थांबली. मग पुन्हा एकदा कल्ला उघडला. इथे घाई करणारे चुकतात. कल्ले शेवटचे हलल्यापासून निदान दहा मिनिटं मासा त्याच पाण्यात राहिला पाहिजे. मी अर्ध्या तासाहून जास्त ठेवते. हृदय त्यानंतरही काही काळ चालू असतं, म्हणून पशुवैद्य शेवटी मेंदूवर आणखी एक खात्रीची क्रिया करतात. मी मासा हातात हळूच फिरवून डोळा बघते. जिवंत मासा कलला की डोळा तोल धरायला खोबणीत फिरतो. लाडूचा डोळा अंगाबरोबरच फिरला. काका तोवर टीव्ही बंद करून बादलीशी येऊन बसले होते.

लाडूला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. तेलाचं पाणी टाकीत जाणार नाही याची काळजी घेतली, बादली साबणाने धुतली. हातात शेवटपर्यंत मोजे होते. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू माशांना क्षयासारखा रोग करतो आणि आपल्या हातावरच्या चिरेतून आत शिरतो. मग बोटांवर गाठी येतात, आणि अँटिबायोटिक महिनोन् महिने घ्यावी लागतात. ड्रॉप्सीमागे कधी कधी हाही असतो. काकूंना सांगून निघाले: हातावर न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर डॉक्टरांना घरी फिश टँक आहे हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.