मातीच्या पोटातलं कापड

काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात खचला की खडी वाहून गेली, असं आपण म्हणतो. पुष्कळदा ती वाहून गेलेली नसते, खाली गेलेली असते. भिजल्या मातीत जड गाड्यांच्या चाकांखाली खडी रुतते आणि तिच्या फटींतून चिखल वर येतो. मग नवी खडी टाकायची. पुढच्या पावसात तीही जमीन गिळते. या दोन थरांमध्ये पाणी झिरपू देणारं कापड अंथरलं, तर माती खाली राहते आणि खडी वर. या कापडाला जिओटेक्स्टाइल किंवा भूवस्त्र म्हणतात. बहुधा ते पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं असतं.

माती अडवायला प्लास्टिकचा कागद का चालत नाही? पाण्यामुळे. घाटातल्या संरक्षक भिंतीमागे पाणी तुंबलं, की मातीच्या रेट्यात त्याचाही रेटा मिळतो आणि भिंत पुढे झुकते. पाण्याला वाट द्यायलाच हवी. पण त्याच वाटेने माती निसटू लागली, तर भराव आतून पोखरला जातो. हा पेच सोडवायला वाळू-खडीचे मोजून-मापून थर घालतात. मात्र त्यासाठी नेमक्या कणांची वाळू मिळावी लागते.

१९७० साली दक्षिण फ्रान्समध्ये वालक्रो इथे १७ मीटर उंचीचं मातीचं धरण बांधताना तशी वाळू मिळेना. तेव्हा निचऱ्याच्या खडीभोवती पॉलिएस्टरचं, नमद्यासारखं न विणलेलं कापड गुंडाळण्यात आलं. धरणात गाळणी म्हणून कापड वापरण्याचा हा पहिला प्रयोग. ६ आणि २२ वर्षांनी उकरून काढलेले त्याचे नमुने उत्तम स्थितीत होते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण धरणाच्या पोटातली गाळणी चोंदली तर ती सहजी बदलता येत नाही.

ती चोंदत नाही, याचं श्रेय बरंचसं मातीलाच आहे. सुरुवातीला काही बारीक कण कापडातून निसटतात. मोठे कण छिद्रांपाशी अडतात, त्यांच्यामागे त्याहून लहान अडतात आणि मातीचीच गाळणी तयार होते. कापड तिला फक्त आधार देतं. म्हणून छिद्रं जितकी बारीक तितकं कापड चांगलं, हा समज घातक आहे. आधी तिथली माती तपासायची, मग कापड निवडायचं.

भूवस्त्र काथ्याचंही असतं. ते काही वर्षांत कुजतं, पण उतारांवर तेच हवं असतं: तोवर गवताची मुळं माती धरतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने ग्रामसडक योजनेतल्या १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठीही काथ्याचं भूवस्त्र वापरायचं जाहीर केलं. त्यात महाराष्ट्राचे ३२८ किलोमीटर होते.

आपल्या गावात असं काम निघालं, तर दोन गोष्टी कुणालाही पाहता येतील. कृत्रिम धाग्याचे गठ्ठे उघड्या उन्हात पडून राहू नयेत, उन्हाने धागा कमजोर होतो. आणि कापडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर पुरेशा चढवलेल्या किंवा शिवलेल्या असाव्यात. चिखल वर येतो तो आधी तिथून.