संगणक अचानक बंद पडतो तेव्हा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. थोरलीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होतो. दाखले, गुणपत्रिका सारे जोडून झाले आणि शेवटचे बटण दाबण्याआधीच संगणक बंद पडला. लाइट तर होती. पुन्हा सुरू केला, पाच मिनिटांत पुन्हा बंद.

आठवडाभर हेच चालले होते. आठवीतला मुलगा त्यावर गेम खेळतो, म्हणून आम्ही सगळा दोष त्याच्यावर टाकला. 'अम्मी, मी काही नाही केले,' असे तो सांगत राहिला. आम्ही ऐकले नाही, उलट संगणकाला हात लावायची मनाई केली. दुकानदार फोनवरच म्हणाला, 'मदरबोर्ड गेला असेल.' एवढा खर्च त्या महिन्यात झेपणारा नव्हता. अर्जाला चार दिवस उरले होते.

आमच्या शाळेतले संगणकाचे सर म्हणाले, 'मॅडम, आधी वही घ्या. कधी बंद पडतो, काय करताना पडतो, ते लिहा.' मुलांना प्रयोगाच्या नोंदी ठेवायला सांगणाऱ्या आम्हाला हे सुचले नव्हते!

बंद पडण्याच्या साधारण तीन तऱ्हा असतात. निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर रॅम किंवा एखादे सॉफ्टवेअर तपासावे. फ्रिज किंवा मिक्सर सुरू होताच बंद पडत असेल, तर सॉकेट, वायर, यूपीएसची बॅटरी आणि वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, यांच्यावर संशय घ्यावा. काही वेळ नीट चालून बंद पडत असेल, लगेच सुरू केल्यावर आणखी लवकर पडत असेल, पण अर्धा तास थांबल्यावर बरा चालत असेल, तर बहुधा उष्णता हे कारण असते. प्रोसेसर फार तापला, साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते.

आमच्या वहीत तिसरीच तऱ्हा निघाली. सुरू करताना डिलीट किंवा एफ टू दाबले की बायोसचा पडदा उघडतो. बऱ्याच संगणकांत तिथे प्रोसेसरचे तापमान दिसते. आमचे 88 होते, तेही काही काम सुरू नसताना.

मग प्लग काढला, चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरले आणि बाजूचे झाकण उघडले. आत पंख्याखालच्या पट्ट्यांमध्ये धुळीची जाड गादी बसली होती. तोंडाला रुमाल बांधून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने ती काढली. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली असेल तर ती बदलून घ्यावी. हे काम दुकानात थोडक्या पैशांत होते.

झाकण लावताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. धूळ बसू नये म्हणून मुलांच्या दादीने हौसेने भरतकामाचे आच्छादन शिवले होते. ते आम्ही संगणक सुरू असतानाही पाठीमागून काढत नव्हतो, आणि गरम हवा बाहेर पडते ती पाठीमागूनच. त्यात संगणक भिंतीला चिकटून ठेवलेला. आम्ही तो वीतभर पुढे ओढला. आच्छादन आता फक्त बंद संगणकावर घालतो.

त्या रात्री तापमान 54 दिसले. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला.

मुलाला जवळ बसवले आणि म्हणालो, 'बेटा, आमचे चुकले. तुझा काही दोष नव्हता.' तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने वही उचलून म्हणाला, 'अम्मी, रोजचे तापमान मी लिहू का?' आजही तोच लिहितो.

तुमच्या घरी असे झाले तर आधी महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दर तीन-चार महिन्यांनी धूळ झटका. आणि दुकानदाराला फोन करण्याआधी, मुलांना रागावण्याआधी, दोन दिवस नोंद ठेवा.